भोगलं म्हणजे कळलं का?



आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी दुपारी अभ्यासवर्ग चालतो. पंधरा-वीस पोरं-पोरी येतात. सध्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचतोय. परवाच्या एका रविवारी वाचन बाजूला राहिलं आणि वाद पेटला. निमित्त साधंच होतं. कुणा सवर्ण प्राध्यापकाचा जातीवरचा लेख एका पोराच्या मोबाइलवर आला होता. आमच्या वर्गातला एक मुलगा, डिप्लोमा झालेला, चांगला बोलणारा, उभा राहून म्हणाला, "ताई, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ज्यानं जात भोगली नाही त्यानं जातीवर लिहूच नये. आणि ज्यानं भोगली त्याला कुणी शिकवायला जाऊ नये." टाळ्या पडल्या. मीही मान डोलावली.

मागे भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. मातंग समाजातली, नर्सिंगचा कोर्स करते, मैत्रिणीबरोबर तीनेक महिने येत होती. ती म्हणाली, "मग दादा, मी बोलू का? चौदा एप्रिलची वर्गणी तुम्ही आमच्या गल्लीतूनही नेता. कमिटीत आमचं कुणी नाही. अण्णाभाऊंच्या जयंतीला तुमच्यातलं कुणी फिरकत नाही."

तो म्हणाला, "आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात जात नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. जात काय असते ते आम्हाला नको सांगू."

"तुम्ही तुमची भोगली. आमची तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली.

सगळे गप्प झाले. आणि मी काय केलं? "विषय भरकटतोय, पुढच्या वेळी घेऊ," म्हणून वही मिटली. चहा आला. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. एखादी गोष्ट भोगली की ती आपोआप कळते का? मध्ये काहीच न येता, थेट? तत्त्वज्ञानात यावर शेकडो वर्षं वाद चालू आहे. मध्यस्थाशिवाय, म्हणजे शब्द, अनुमान, शिकवण, सवय यांतलं काहीही मध्ये न येता ज्ञान होऊ शकतं का, असा तो प्रश्न. एम.ए.ला असताना मला तो रिकामटेकड्यांचा वाटायचा. आता वाटत नाही. त्या मुलीनं आणि त्या मुलानं तोच वाद घातला, फक्त पुस्तकी नावं न घेता.

आधी माझ्या आजीचं सांगते, कारण त्या दिवशी मी वही मिटली त्याच्या मुळाशी तीच होती.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. आमचंही घर जळालं. म्हणजे 'ज्याचं जळतं' ही आमच्या घरात म्हण नाही, घडलेली गोष्ट आहे. आजीनं दोन पोरं काखेत घेऊन ज्वारीच्या रानात रात्र काढली. त्याआधीची कित्येक वर्षं ती पाटलाच्या वाड्यावर कामाला जायची. तहान लागली की अंगणात उकिडवं बसायचं, ओंजळ करायची, आणि वरून पाणी ओतलं जायचं. हे ती सांगायची तेव्हा हातांची ओंजळ करून दाखवायची. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, दर पौर्णिमेला वंदना, आणि जात म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती असं आम्ही धरून चाललो होतो.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. शिंदीच्या केरसुण्या घेऊन एक बाई आमच्या दारात यायची. मातंगवाड्यातली. आजी तिच्याकडून दोन केरसुण्या घ्यायची, पसाभर ज्वारी घालायची, विचारपूस करायची. दोघींचं चांगलं जमायचं. उन्हाळा होता, बाईनं पाणी मागितलं. आजीनं तांब्या आणला. बाई अंगणात उकिडवी बसली, तिनं ओंजळ केली, आणि माझ्या आजीनं वरून पाणी ओतलं.

मी ते पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. मला काहीच वाटलं नाही. वीसेक वर्षांनी, एम.ए. झाल्यावर, मी आजीला विचारलं तेव्हा ती गोंधळली. "आगं, रीतच व्हती ती. आपण काय तिला कधी वंगाळ बोललो का?" पाटलाच्या अंगणातली ओंजळ आणि आपल्या अंगणातली ओंजळ तिच्या मनात कधी शेजारी-शेजारी आल्याच नव्हत्या. तोच तांब्या, तीच उंची, तीच धार. आजीला वरून पडणारं पाणी थेट माहीत होतं, अगदी मनगटावरून ओघळणाऱ्या थेंबासकट. तरीही तेच पाणी तिनं स्वतःच्या हातानं ओतलं तेव्हा तिला ते ओळखू आलं नाही.

आता सांगा, भोगलेलं आपोआप कळतं का?

जगात या प्रश्नावर ज्यांनी सगळ्यात बारकाईनं विचार केला त्यांत आपले बौद्ध आचार्य होते, आणि ही गोष्ट आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दिङ्नागांनी 'प्रमाणसमुच्चय' लिहिला. ज्ञानाची साधनं दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान, असं त्यांनी मांडलं. वेद सांगतो म्हणून खरं, हे तिसरं स्वतंत्र साधन त्यांनी काढूनच टाकलं. आणि प्रत्यक्षाची त्यांची अट कडक होती. ज्यात नाव, जात, गुण यांपैकी कशाचीही जोड दिलेली नाही, कल्पना मिसळलेली नाही, तेच प्रत्यक्ष. 'ही गाय आहे' असं म्हटलं की प्रत्यक्ष संपलं, कल्पना सुरू झाली. कारण 'गाय' हा शब्द हजार जनावरांना लागतो आणि डोळ्यांसमोर मात्र एकच काहीतरी असतं, याच क्षणाचं, याच जागचं.

त्यांच्या परंपरेतल्या धर्मकीर्तींनी पुढची गाठ सोडवली. बरं, डोळ्यांनी वस्तू पूर्ण पाहिली. मग तिच्याबद्दल आपली खात्री कशी होते? त्यांचं उत्तर असं की पाहणं पुरेसं नाही. पाहिल्यानंतर कोणता निश्चय उमटेल ते सवयीवर, ओढीवर, मनाच्या तयारीवर ठरतं. त्यांचं उदाहरण फार साधं आहे. एका मुलाचे वडीलच त्याचे शिक्षक आहेत. ते समोरून येताना दिसले की मुलाच्या मनात येतं, बाबा आले. गुरुजी आले असं येत नाही. डोळ्यांनी दोन्ही सारखंच दिसलं होतं, निश्चय मात्र एकाचाच झाला. माझ्या आजीच्या अंगणात हेच झालं. तिला पाहुणचार दिसला. विटाळ दिसला नाही.

याचा अर्थ थेट असं काही नसतंच का? तसं मला म्हणायचं नाही. तिसरीत असताना मी एका वर्गमैत्रिणीच्या घरी गेले होते. पाणी प्यायल्यावर तिची आई म्हणाली, "पेला विसळून तिकडे कट्ट्यावर उपडा ठेव गं." मी ठेवला. माझे कान गरम झाले. एवढंच. का झाले ते मला ठाऊक नव्हतं. उलट दोनेक वर्षं मी समजत होते की त्यांच्या घरी शिस्त फार आहे, पाहुण्यांनीही आपला पेला विसळायचा. आपल्याही घरी असं असावं असं मी आईला सांगितलं होतं! आईनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. आठवीत माझ्या मावसभावानं मला त्या पेल्याचा अर्थ सांगितला. आणि मजा अशी की आता मला तो दिवस आठवतो तेव्हा अपमानच आठवतो. मधली दोन वर्षं, जेव्हा तो अपमान नव्हता, ती मला ओढूनताणून आठवावी लागतात.

गरम झालेले कान हे दिङ्नागांचं प्रत्यक्ष. ते खरं होतं, त्यात कुणाची शिकवण नव्हती, आणि त्याला कुणी खोटं पाडू शकत नाही. पण ते ज्ञान नव्हतं. त्याला 'अपमान' हे नाव मिळायला पाच वर्षं, एक मावसभाऊ आणि एक चळवळ लागली.

अमेरिकेतला विल्फ्रिड सेलर्स नावाचा तत्त्वज्ञ हेच दुसऱ्या बाजूनं सांगतो. १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, त्यानं लंडनमध्ये व्याख्यानं दिली. जे ज्ञान नुसतं 'दिलेलं' असतं, शिकावं लागत नाही, आणि ज्याच्या पायावर बाकीचं ज्ञान उभं राहतं, ती एक मिथककथा आहे असं त्याचं म्हणणं. त्याची गोष्ट टायच्या दुकानातल्या एका पोराची. दुकानात नव्यानं विजेचे दिवे आले. त्या उजेडात निळा टाय हिरवा दिसतो. पोरगा म्हणतो, हा हिरवा. मित्र त्याला दारात नेऊन उन्हात दाखवतो, हा निळा. हळूहळू पोरगा शिकतो आणि म्हणू लागतो, 'हिरवा दिसतोय.' आपल्याला वाटतं 'दिसतोय' हे सगळ्यात कच्चं, सगळ्यात पहिलं ज्ञान. सेलर्स दाखवतो की 'दिसतोय' म्हणायलाही आधी रंग म्हणजे काय, नेहमीचा उजेड कोणता, हे सगळं शिकलेलं असावं लागतं. आजी आयुष्यभर त्या दुकानातल्या दिव्याखाली होती. तिला उन्हात नेणारं कुणीतरी लागणार होतं.

आता विरोधी बाजू. ती ऐकली पाहिजे, कारण ती ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता.

सातव्या शतकातले कुमारिल भट्ट हे मीमांसक. वेदांच्या बाजूनं बौद्धांशी भिडलेले फार तगडे विद्वान. त्यांचा दावा असा की ब्राह्मणत्व प्रत्यक्ष कळतं. थेट. बौद्ध विचारत होते की सगळी माणसं सारखीच दिसतात, मग ब्राह्मण ओळखायचा कसा? 'श्लोकवार्तिका'त कुमारिल उत्तर देतात की प्रत्येक वस्तू एकाच तऱ्हेनं ओळखू येत नाही. सोनं तांब्यापासून वेगळं कळतं रंगावरून. वितळलेलं तूप तेलापासून वेगळं कळतं वासावरून आणि चवीवरून. राखेखालचा विस्तव कळतो स्पर्शावरून. लांबचा घोडा कळतो खिंकाळण्यावरून. तसं ब्राह्मणत्व कळतं जन्मावरून, आईबापांवरून. आणि मग ते एक जोड देतात की काही ठिकाणी आचारावरूनही, जो आचार राजानं नीट राखलेला आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. तूप आणि तेल, आणि त्याच रांगेत माणसं! पण रागाच्या पुढे जाऊन पाहा, या माणसानं किती काही कबूल करून टाकलंय. ब्राह्मणत्व डोळ्यांना दिसतं, पण आईबाप कोण हे आधी सांगावं लागतं. म्हणजे डोळा काहीच करत नाही, सगळं काम सांगणारा करतो. आईबाप खरे कोण याची खात्री कशी? तर कुळातल्या स्त्रियांवर पहारा ठेवून. 'तंत्रवार्तिका'त त्यांना या प्रश्नात शिरावंच लागतं. आणि आचारावरून कळायचं तर राजाचा दंडुका लागतो. ज्याला ते प्रत्यक्ष म्हणतात ते टिकवायला राजा, पहारा आणि बायकांचं बंदिस्त आयुष्य लागतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सगळ्यांची मुळं त्यांनी जातीअंतर्गत लग्नाच्या बंधनात दाखवली. जात 'दिसायला' लागण्यासाठी बाईचं काय काय करावं लागतं, त्याचा तो हिशेब होता.

बुद्धांनी 'वासेट्ठ सुत्ता'त तर फार आधीच सांगून ठेवलंय. गवत, झाडं, किडे, पाखरं, मासे यांच्यात जन्मानं आलेल्या खुणा वेगळ्या असतात, बघून कळतात. माणसांत केस, डोळे, कान, हातपाय, कशातच तशी खूण नाही. माणसांमधले भेद ही बोलण्याची रीत आहे. धर्मकीर्तींनी जातीच्या गर्वाची गणना बुद्धी भ्रष्ट झाल्याच्या पाच लक्षणांत केली. (जाता जाता, हा ग्रंथ मूळ संस्कृतात आपल्याकडे उरलाच नव्हता. कुमारिलांची बाजू इथल्या पाठशाळांमध्ये शिकवली जात राहिली आणि आपली बाजू तिबेटी भाषांतरात जगली. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन तिबेटातून हस्तलिखितं शोधून घेऊन आले तेव्हा ती परत आली. कोणाचं प्रमाण मानायचं हे वादात कोण जिंकलं यावर ठरत नाही, मठ कुणाचे उरले यावरही ठरतं.)

कुमारिल विरुद्ध बौद्ध हा वाद १९०१ साली एका रेल्वे स्टेशनवर घडला असं मला नेहमी वाटतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहिलाय. भीमराव आणि सोबतची मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली. मसूर स्टेशनवर उतरली, न्यायला कुणी आलं नाही. मुलांच्या अंगावर नवे, चांगले कपडे. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची पोरं वाटली. त्याला त्यांची कणव आली, त्यानं चौकशी केली. मुलानं सरळ सांगितलं, आम्ही महार. त्याच क्षणी मास्तरचा चेहरा बदलला.

काय बदललं होतं? तीच पोरं, तेच कपडे, तोच प्लॅटफॉर्म. एक शब्द मध्ये आला. आणि मास्तरला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की शिसारी त्याला आतून आली, थेट आली, त्यानं कसलाही विचार केला नव्हता. विटाळाची सगळी ताकद त्या 'थेट'मध्ये आहे. जात स्वतःला नेहमी प्रत्यक्ष म्हणूनच सादर करते. किळस येते, काय करणार? म्हणून मला भीती वाटते, जेव्हा आपणही म्हणू लागतो की आम्हाला थेट कळतं, आमच्या जन्मामुळे कळतं. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही आणखी एक म्हण आपण सहानुभूतीच्या अर्थानं सहज वापरतो. त्यातला 'वंशा' हा शब्द एकदा सावकाश म्हणून पाहा. ज्ञान वंशातून येतं हा कुमारिलांचा पक्ष होता. आपला नव्हे.

पण माझी एम.ए.ची एक मैत्रीण आहे, तीही आपल्यातलीच, आता पीएच.डी. करते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती भडकली. म्हणाली, "तू त्यांच्याच हातात कोलीत देतेयस. अनुभव म्हणजे ज्ञान नाही असं एकदा मान्य केलंस की ते येणार, तुझा अनुभव टेपवर घेणार आणि ज्ञान त्यांच्या नावावर छापणार. आजपर्यंत हेच झालंय." तिचं खोटं नाही. गोपाळ गुरूंनी २००२ साली समाजशास्त्रांतल्या या विभागणीवर बोट ठेवलं, की सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी तिथंही वर्णव्यवस्था आहे. पुढे त्यांचा आणि सुंदर सारुक्काई यांचा अनुभव आणि सिद्धांत यांवरचा वाद २०१२ मध्ये पुस्तकरूपानं आला. पण गुरूंचं म्हणणं नीट वाचलं तर ते असं म्हणत नाहीत की दलितांनी अनुभवावर थांबावं. उलट सिद्धांत आपण करावा, ती आपली नैतिक जबाबदारी आहे, असं ते म्हणतात. भोगणं पुरेसं असतं तर ही जबाबदारी उरलीच नसती.

मैत्रिणीच्या रागाला माझ्याकडे दुसरं उत्तर आहे ते पोलीस ठाण्यातलं. माझ्या कामात महिन्यातून एकदा तरी अट्रॉसिटीची तक्रार घेऊन कुणाबरोबर तरी जावं लागतं. एका धुणीभांडी करणाऱ्या बाईबरोबर गेले होते. सोसायटीच्या आवारात चारचौघांत तिला बोललं गेलं होतं. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, "जातीवरून बोलले हे तुला कसं कळलं?" बाई म्हणाली, "कळतंय की साहेब. कळत नाही का?" साहेब हसले. "असं नाही चालत."

इथं दोन वाटा असतात. एक, साहेबांशी भांडायचं की तिला कळलं म्हणजे कळलं, लिहा. दुसरी, तिला गप्प करून आपणच वकिली भाषेत काहीतरी लिहून द्यायचं. दोन्ही मी केलेल्या आहेत, आणि दोन्ही वेळा प्रकरण पडलं. कायद्याच्या कलम ३(१)(आर)ला हेतुपुरस्सर अपमान हवा, लोकांच्या नजरेसमोर हवा. त्या दिवशी आम्ही बाहेर बाकड्यावर बसून दोन तास बोललो. आधी कोण काय म्हणालं? त्या घरात इतर कामवाल्यांना कसं बोलतात? तुझी जात त्यांना कधी कळली? कळायच्या आधी कसं वागायचे? ती आठवत गेली. म्हणाली, "अगं ताई, आधी तर मी देवघरसुद्धा पुसायचे. चौदा एप्रिलला सुट्टी मागितली, तेव्हापासून नको म्हणाल्या." हे तिला स्वतःलाही तोपर्यंत एका ओळीत दिसलं नव्हतं. त्या दोन तासांत तिचं दुःख माझं झालं नाही आणि ज्ञानही माझं झालं नाही. प्रश्न माझे होते, जुळणी तिची होती. तक्रार नोंदली गेली.

जॉन ड्यूई काय म्हणत होते ते मला त्या बाकड्यावर कळलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते तेव्हा ड्यूई त्यांचे शिक्षक, आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये ते आपल्या या शिक्षकाचं ऋण सांगतात. ड्यूईंनी पुढे पुन्हा पुन्हा मांडलेला मुद्दा असा की अनुभव थेट 'असतो', पण थेट 'कळत' नाही. दुखतं ते थेट. का दुखतं हे शोधावं लागतं, पडताळावं लागतं, आणि ती शोधाची प्रक्रिया म्हणजे ज्ञान. १९३८ च्या त्यांच्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात थेट ज्ञानाच्या कल्पनेवर एक अख्खं प्रकरण आहे. आणि दुखण्याशिवाय शोध सुरूच होत नाही, हेही त्यात आलंच. ज्याला दुखलंच नाही तो प्राध्यापक शोध कशाचा घेणार? त्याला आधी कुणाच्या तरी बाकड्यावर बसावं लागेल, आणि बसल्यावर गप्प राहायला शिकावं लागेल. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीवादी भूमिकादृष्टीबद्दल लिहिलं त्यातही मला हेच दिसतं. ती दृष्टी जन्मानं खिशात पडत नाही, संघर्षातून कमवावी लागते, आणि म्हणूनच दुसऱ्यालाही तिच्याकडून शिकता येतं.

आमच्या विहारातल्या एका जुन्या उपासक काकांना मात्र हे पटत नाही. ते म्हणाले, "बाळा, आपण रोज धम्मवंदनेत काय म्हणतो? सन्दिट्ठिको. अकालिको. म्हणजे याच डोळ्यांनी, याच क्षणी. पच्चत्तं, ज्याचं त्यालाच. आणि तू म्हणतेस थेट नसतं?" काकांचा मुद्दा मी टाळणार नाही. पण त्याच वंदनेत 'एहिपस्सिको' आहे. ये आणि पाहा. 'ये' आधी आहे. चालत यावं लागतं. अष्टांगिक मार्गात सम्यक् दृष्टी पहिली ठेवली आहे, म्हणजे दृष्टी असम्यक् असू शकते हे तिथं गृहीतच आहे. केसपुत्तच्या कालामांनाही बुद्धांनी, तुम्हाला आत जे वाटतं ते खरं माना, असं सांगितलं नाही. त्यांनी त्यांना एकेक प्रश्न विचारला. लोभ उपजला तर हिताचं होतं की अहिताचं? द्वेष उपजला तर? मोह उपजला तर? कालाम उत्तरं देत गेले. ते बाकड्यावरचे दोन तासच होते. काका म्हणाले, "बघू, विचार करतो." काका असं म्हणतात तेव्हा ते पुढच्या पौर्णिमेला तयारी करून येतात.

या सगळ्यानंतर मी त्या मुलीच्या घरी गेले. माफी मागायची होती, पण तिनं मागू दिली नाही, आधी चहा दिला. मी तिला आजीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. नंतर रविवारी ती आली आणि तिच्या परवानगीनं मी ती गोष्ट वर्गातही सांगितली. तो डिप्लोमावाला मुलगा मान खाली घालून ऐकत होता. नंतर म्हणाला, "ताई, आमच्या घरीपण चहाचा एक कप वेगळा होता. कोपऱ्यात. मला वाटायचं तो फुटका आहे म्हणून वेगळा ठेवलाय." कमिटीचं काय करायचं यावर मात्र तो अजून काही बोललेला नाही. दोन नावं घ्यावीत असा ठराव मी ठेवलाय. कमिटीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं आहे की आपल्यात असं काही नसताना नावं जातीनं का घ्यायची. त्यावर पुढच्या रविवारी बैठक आहे.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता त्या मुलीनं मला विचारलं, "ताई, तुमच्या आजीकडे यायची त्या बाईचं नाव काय होतं?"

आजी आता नाही. मी रात्री आईला फोन केला. आईनं बराच वेळ आठवून पाहिलं. केरसुणीवाली, एवढंच सगळे म्हणायचे, ती म्हणाली. आता गावातल्या चुलत्याला विचारलंय, तो मातंगवाड्यात जाऊन विचारणार आहे.